गोळी बंद करायचा कौल

अहो, काल आपल्या सुहासने माझ्यासाठी झोपेच्या गोळ्या आणल्या. म्हापशाच्या त्या कोल्हापूरकर डॉक्टरने लिहून दिल्या, तुम्हाला ज्याने तपासलं होतं त्यानेच. मला मात्र त्याने तपासलं नाही. सुहास गेला, आईला झोप येत नाही म्हणाला आणि डॉक्टरने लिहिलं. किती दिवस घ्यायच्या ते विचारलंस का, असं मी म्हटलं तर सुहास म्हणाला, "ते विचारायचं राहिलं." तुम्ही असता तर खुर्ची मागे सारून उठला असतात आणि भांडायला जायचं म्हणून चपला शोधायला लागला असतात.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. डिचोलीहून माणसं पेडण्यापर्यंत येतात, सोप्यावर बसतात, तुमच्या तिथल्या दवाखान्याच्या गोष्टी सांगतात, चहा पितात आणि बसची वेळ झाली की उठतात. त्यांच्या गोष्टींत तुम्ही फार मोठे झाला आहात. घरात मीठ कुठे असतं हे ज्या माणसाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, त्याच्याबद्दल हे बोलणं चाललंय हे कधीकधी माझ्या लक्षातच येत नाही. मी मान हलवते आणि कप उचलून आत नेते.

गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर मेजावर आहे. घेऊ की नको, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे, कारण असल्या प्रश्नाला आपल्या घरात दुसरं कोणी नव्हतं. मला झोप कमी लागते हे खरं. पण मी तशी तक्रार कोणाकडे केलेली नाही. सूनबाई मुलांच्या शाळेसाठी बेळगावला परत गेली, घरात मी आणि सुहास दोघंच. त्याला हे कोणी सांगितलं देव जाणे.

झोप म्हटलं की मला तुमची स्वप्नंच आठवतात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, डॉक्टर नवरा म्हणजे सकाळी उठून गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचेल. तुम्ही चहाचा पहिला घोट घेऊन स्वप्न सांगायला लागायचात. तेरेखोलची फेरीबोट किल्ल्याचा डोंगर चढून वर गेली आणि तिकीटवाला सगळ्यांना सांगत होता की उतरायची जागा अजून ठरलेली नाही. दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटल्या नदीच्या तळाशी ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यावर डोससाठी चिकटवलेल्या कागदी खुणा मासे वाचत होते. बाहेर पोदेराचा भोंगा वाजायचा, पाव घ्यायला मी उठायची आणि तुम्ही मागून म्हणायचात, "थांब गो, मासे काय म्हणाले ते आयक." मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. पडली तरी त्यांत मी भातच शिजवत असते. त्यामुळे मी तुमची थट्टा करायची आणि मनातून हेवाही करायची.

दवाखान्यात माझं काम गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून देण्याचं. पण सगळ्यात जास्त वेळ जायचा गोळ्या अर्ध्या करण्यात. म्हातारं माणूस आलं, झोपेसाठी किंवा मनासाठी काही द्यायची वेळ आली, की तुम्ही आतून ओरडायचात, "अर्धी." मी ब्लेड घेऊन बसायची. सावंतवाडीला माहेरी कोणी विचारलं, काय करतेस दवाखान्यात, तर मी म्हणायची, आमचे हे एकाची गोळी दोघांना पुरवतात. एकदा चिडून मी तुम्हाला विचारलंच, लोकांना वाटतं डॉक्टर कंजूष आहेत, पुरी गोळी का देत नाही? तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्या शरीरात औषध म्हणजे कोकणातला पाहुणा, आला की लवकर जात नाही. पहिला गेला नाही तोवर दुसरा येऊन बसतो. मग घरात दाटी होते, माणूस त्या दाटीत पडतो आणि घरचे म्हणतात वय झालं.

आणि ती पिशवी. कोणीही म्हाताऱ्याला घेऊन आलं की तुम्ही सांगायचात, घरी जा, घरात जेवढी औषधं असतील ती सगळी पिशवीत घालून आणा. मग मेजावर ढीग पडायचा. एकाने दिलेली, दुसऱ्याने दिलेली, शेजारणीला लागू पडली म्हणून आणलेली, मुंबईहून भाच्याने पाठवलेली. त्या ढिगातलं एकेक पाकीट तुम्ही वाचून बाजूला ठेवायचात. घरच्यांना बाहेर चहाला पाठवून म्हाताऱ्याशी एकटेच बोलायचात. मला आत बसलेली चालायची, कारण मी ब्लेड आणि कागद घेऊन भिंतीसारखी असायची. म्हातारी माणसं घरच्यांसमोर सांगत नाहीत ते तुम्हाला सांगायची, आणि पुष्कळदा ऐकून झाल्यावर तुम्ही काहीच लिहून द्यायचा नाहीत. बाहेर आल्यावर घरचे म्हणायचे, एवढ्या लांब आणलं आणि नुसतं बोलून पाठवलं.

पाळी गावची शेवंती आजी आठवते का? काय विचारते मी पण. तुम्ही तिची गोष्ट इतक्यांदा सांगितलीत की मी नव्हते तो भागही मीच जगलेय असं वाटतं. तिचा नवरा गेला तेव्हा तिला झोप येईना. कोणीतरी डॉक्टरने झोपेची गोळी दिली. घरच्यांना भीती, म्हातारीला डोक्याची गोळी द्यावी की नको. मग ते रवळनाथाच्या देवळात गेले आणि कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली. देवाने हो म्हटलं. गोळी सुरू झाली आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहिली. तुमच्याकडे आणली तेव्हा म्हातारीची जीभ जड झाली होती, अंगणात दोनदा पडली होती, सुनेला ती धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. खाणीवरून येणारी तांबडी धूळ तिच्या पांढऱ्या केसांत बसली होती आणि ती दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या झोपत होती. घरचे म्हणत होते, आता तिचं असंच चालायचं.

तुम्ही म्हणालात, गोळी हळूहळू कमी करून बंद करायची. सून घाबरली.

"देवान कौल दिला न्हय? मागीर आमी कशी बंद करतलीं?"

"देवान सुरू करूंक सांगलें. केन्ना मेरेन, तें तुमी विचारलें?"

"ना."

"मागीर विचारूं या."

आणि किती दिवस घ्यायची ते देवाला विचारायला तुम्ही खरंच गेलात. कधी देवळाची पायरी चढला नव्हता, जत्रेला गेलात तर दुकानांपर्यंत, आणि त्या दिवशी सकाळी पांढरा सदरा घालून तुम्ही पाळीला देवासमोर उभे राहिलात. पुजाऱ्याने विचारलं, गाऱ्हाणं कोण घालणार. तुम्ही म्हणालात, मीच. मी तुमच्या मागे म्हातारीला धरून उभी होते म्हणून ते शब्द मला अजून पाठ आहेत. "देवा रवळनाथा, ही म्हातारी तुज्या कौलार गोळी घेता. आतां तिका ती नाका अशें म्हाका दिसता. म्हाका दिसता तें बरोबर काय चूक, तें तूं सांग." तुमच्या तोंडून "चूक" हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

पाकळी पडेना. घामाने तुमचा सदरा पाठीला चिकटला. देवळाच्या मागून खाणीचे ट्रक जात होते, त्यांच्या धक्क्याने समया हलत होत्या, पण पाकळी काही हलेना. दवाखान्यात माणसं ताटकळत असणार हे मला कळत होतं आणि तुम्हाला सांगायची छाती होत नव्हती. तुम्ही हात जोडून उभेच. कितीतरी वेळाने उजवी पाकळी सुटली आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. परत येताना मी विचारलं, आणि डावी पडली असती तर? तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात पुन्हा आलो असतो. देवाला वेळ लागतो, गोळी सुटायलाही वेळ लागतो. मी सगळा रस्ता हसत होते आणि तुम्ही रागावल्याचं सोंग करून बाहेर बघत होता.

त्या म्हातारीची गोळी सुटायला पुढचा पावसाळा उजाडला. एक दिवस तिची सून दवाखान्यात आली, बसली, कपाळाला हात लावला. "डॉक्टर, मांय जागी जाली. आतां आमकां न्हीद ना." सासू पहाटे उठून कढीत मीठ जास्त म्हणते, गुरं कोणी सोडली ते विचारते, चुलत्याने बळकावलेलं सुपारीचं कुळागर परत मागायला निघाली आहे. तुम्ही एवढे हसलात की बाहेरच्या बाकावरची माणसंही कारण माहीत नसताना हसायला लागली. त्यानंतर तुम्ही कोणालाही गोळी लिहून दिलीत की घरच्यांना विचारायचात, सुरू करायला सगळे आलात, बंद करायला कोण येणार त्याचं नाव सांगा. कोणाला ते आवडायचं नाही.

आपलं खरं भांडण मात्र याच्यावरून नव्हतं. ते होतं कोंकणी आणि मराठीवरून. त्या दिवसांत सगळ्या गोव्याचंच होतं म्हणा. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस बंद असायच्या, आपल्या दवाखान्यात एका बाकावर कोंकणीवाले आणि दुसऱ्यावर मराठीवाले बसायचे, खोकला मात्र सगळ्यांना एकच. तुम्ही पेडण्याचे, घरात कोंकणी, पण शाळा मराठी. मी सावंतवाडीची. तुम्ही कोंकणीच्या बाजूला गेलात याचा मला राग होता. तुमचं म्हणणं वेगळंच होतं. तुम्ही म्हणायचात, म्हातारीला मराठीत विचारलं कशी आहेस, तर ती मामलेदारासमोर उभी असल्यासारखी म्हणते, बरं आहे. कोंकणीत विचारलं तर म्हणते, जीव खंयच लागना, म्हणजे कुठेच लागत नाही. मराठीत तिला मी औषध देणार नाही, कोंकणीत देईन. मी म्हणायची, माझी मराठी काही सरकारी डगला नव्हे, मी त्याच भाषेत रडले आहे. तुम्ही म्हणायचात, तुझी गोष्ट निराळी. निराळी कशी, ते कधी सांगितलं नाहीत. तो वाद राहिलाच.

गोव्याचं राज्य झालं, तुम्ही दवाखाना बंद केलात आणि आपण पेडण्याच्या तुमच्या घरी आलो. नदीकडून सकाळी धुकं येतं, माडांच्या बुंध्यांपर्यंत येऊन थांबतं, आणि मग सगळं घर पाण्यावर तरंगत असल्यासारखं वाटतं. मला वाटलं, आता तुम्हाला स्वप्नांना वेळच वेळ. पण एक दिवस चहा घेताना तुम्ही काही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग दाढी करणं राहायला लागलं. मासे समोर ठेवले तर तुम्ही ताटाच्या कडेला सारायचात. खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचात. मी विचारायची, बरं आहे ना? तुम्ही म्हणायचात, बरं आहे. असं कितीतरी दिवस. लोक म्हणाले, निवृत्त झाल्यावर असं होतंच. मीही त्यांच्यासारखंच म्हणत राहिले.

एका सकाळी मी चहा ठेवला, खाली तुमच्या खुर्चीजवळ बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या कोंकणीत विचारलं, "कितें जाता तुमकां?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"जीव खंयच लागना गो," तुम्ही म्हणालात, आणि रडायला लागलात.

तो वाद मी त्या दिवशी हरले. पण जिंकल्याचं कळण्याएवढं तुमचं लक्ष नव्हतं, म्हणून मलाच वाईट वाटलं.

मग म्हापसा, आणि तो कोल्हापूरकर. तरुण, गोरा, बोलायला मऊ. तुम्ही डॉक्टर म्हणून तो उभा राहिला. त्याने घरातली औषधं विचारली, हृदयाची, रक्तदाबाची, मग तुम्हाला एकट्याला बसवून बराच वेळ बोलला. मी बाहेर बाकावर बसून विचार करत होते, आता भिंत कोणाला करणार. बाहेर येऊन त्याने गोळी लिहिली आणि तुम्ही चिठ्ठी बघून पुटपुटलात, "अर्धी." तो म्हणाला, "सर, अर्धीच लिहिली आहे. वाढवायची वाटली तर बघून वाढवू." इतक्या महिन्यांत तुम्ही पहिल्यांदा कोणाकडे तरी मान वर करून बघितलंत.

तुम्ही सगळ्या तालुक्याला गोळ्या दिल्यात, पण स्वतःची घ्यायला लहान मुलासारखं तोंड केलंत. म्हणालात, मला काय झालंय, म्हातारा झालोय. मी म्हटलं, हे वाक्य तुमच्याकडे आलेले सगळेच म्हणायचे, आणि त्यांना तुम्ही काय सांगायचात ते मला पाठ आहे. घेतलीत. तोंड कोरडं पडायचं, उठताना चक्कर यायची, पोट तक्रार करायचं. मी धरून उठवायची. काही दिवस काहीच झालं नाही आणि मी त्या गोळीला मनात शिव्या दिल्या. मग एका दुपारी ताटावर बसून माशांची आमटी शोधत तुम्ही विचारलंत, "आज हुमण ना?" मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीकडे तोंड करून रडले. त्या गोळीला मी त्या दिवशी हात जोडले, खोटं कशाला सांगू. लोक म्हणतात असली औषधं वाईट. वाईट असेल ती, पण माझा माणूस भिंतीकडून परत तिनेच फिरवला.

दिवस बरे गेले. तुम्ही दाढी करायचात, तेरेखोलपर्यंत बसने जाऊन यायचात, फेरीबोटीच्या धक्क्यावर बसून अनोळखी माणसांना सल्ले द्यायचात. फक्त सकाळी चहा घेताना गप्प. मी एकदा विचारलं, काय पाहिलं रात्री? तुम्ही म्हणालात, "सपनां पडनात गो. गोळी चालू झाल्यापासून नाही. झोप येते, पण त्या झोपेत कोणीच नसतं." मी म्हटलं, नसू दे. तुम्ही पावाचा तुकडा चहात बुडवून विसरलात, तो फुगून तळाला गेला.

मग तुम्ही मागायला लागलात. आता बरं आहे, आता कमी करूया. मी नाही म्हटलं. शिगमा होऊ दे, म्हटलं. शिगमा झाला. गणपती होऊ देत, म्हटलं. तुम्ही हसून म्हणालात, पाळीच्या सुनेसारखी बोलतेस. मला झोंबलं, कारण खरं होतं. तिला निदान देवाची भीती होती. मला त्या भिंतीकडे वळलेल्या खुर्चीची होती. तुम्ही चिडवलंत, "कौल लावूया?" मी ताट आपटलं.

पण एके दिवशी मी गेले हो. तुम्हाला सांगितलं नाही कधी. बाजाराची पिशवी घेऊन निघाले आणि देवळाच्या दारात उभी राहिले. आत पुजारी पाकळ्या लावत होता, दुसऱ्या कोणाच्या गाऱ्हाण्याला. उजवी पडली तर मला गोळी बंद करावी लागेल आणि डावी पडली तर तुमची स्वप्नं गेली ती गेली. दोन्ही मला नको होतं. थोडा वेळ उभी राहिले, मग वळले आणि भाजी घेऊन घरी आले. घरी येताना कळलं की हा प्रश्न देवाचा नाही, तुमचा आहे, आणि तुम्ही तो देवाला सोडून मला विचारत होता. संध्याकाळी मी म्हटलं, म्हापशाला जाऊन विचारूया. तुम्ही म्हणालात, बरं. एवढंच. पण जेवताना तुम्ही दोनदा भात घेतलात.

डॉक्टर म्हणाला, घाई नको, पावसाळा जाऊ दे. मग अर्धीची पाव, मग एक दिवस आड. मी पुन्हा ब्लेड घेऊन बसले. रोज तुमचा चेहरा चोरून बघायची. दाढी केली का, खुर्ची कुठे वळली आहे, मासे खाल्ले का. तुम्हाला कळायचं आणि तुम्ही मुद्दाम माशाचा काटा मला दाखवून ताटाबाहेर ठेवायचात. शेवटची पाव गोळी संपली त्यानंतर काही दिवसांनी, धुकं होतं त्या सकाळी, तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "थांब गो. आयक." मी पाव घ्यायला उठले होते. मी बसले. पोदेर दारात भोंगा वाजवून निघून गेला आणि आपण त्या दिवशी बिस्किटं खाल्ली.

त्यानंतर थोडेच आठवडे. एका दुपारी जेवून तुम्ही आरामखुर्चीत पडलात ते उठलाच नाहीत. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, हृदय पूर्वीपासून कमजोर होतं, त्या गोळीचा आणि याचा संबंध नाही, ती बंद झाली ते उलट हृदयाला बरंच होतं. मला ते कळलं. पण दहाव्याला सुहास विहिरीजवळ माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "बरं चाललं होतं ना आई? चालू होती ती गोळी बंद कशाला केलीत?" माणूस दुःखात बोलतो ते मनावर घ्यायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी फक्त जेवण्याखाण्याचं बोलते, आणि तो माझ्याशी औषधपाण्याचं.

तुमच्याशी एवढं बोलता बोलता तिन्हीसांज झाली, दिवा लावला आणि मला एकदम दमायला झालं. म्हटलं, घेऊन टाकू एक. एवढा विचार कशाला, मुलाने आणली आहे. पाकीट उघडलं. त्यातले दोन कप्पे आधीच रिकामे होते.

मी ते पाकीट तसंच हातात घेतलं. मग बाहेर आले. सुहास सोप्यावर बसला होता, गुडघे जवळ घेऊन, शाळेत असताना बसायचा तसा. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एवढे दिवस मी ते बघितलंच नव्हतं, मी माझ्याच रागात होते. शेजारी बसले. पाकीट आमच्या दोघांमध्ये ठेवलं.

त्याने ते बघितलं आणि मान खाली घातली. "माझंच सांगितलं सगळं डॉक्टरांना," तो म्हणाला. "डोळा लागला की दचकून जागा होतो. बाबांनी हाक मारली असं वाटतं. या वयाच्या माणसाने हे सांगायचं कसं? म्हाताऱ्या आईला झोप नाही म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, लगेच लिहून देतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तुमचा मुलगा. तुम्ही जन्मभर ज्यांच्याशी भांडलात त्यांची वाट त्याने बरोबर शोधून काढली.

"उद्या म्हापशाला जा," मी म्हटलं. "पण तुझ्या नावाने जा. आणि किती दिवस, ते विचारून ये."

"आई, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"बोललास ते बोललास. आता ऐक. त्यांनी मागितलं म्हणून मी बंद करू दिली. त्यांना स्वप्नं हवी होती. आली परत."

"काय आलं?"

तेव्हा मी त्याला ते स्वप्न सांगितलं, जसं तुम्ही मला धुक्याच्या सकाळी सांगितलंत तसंच. मांडवीतून बार्जी चालल्या होत्या, एकामागून एक, खनिज नेणाऱ्या मोठ्या सपाट बोटी. पण त्यांच्यात माती नव्हती. डिचोलीची, पाळीची, पेडण्याची सगळी म्हातारी माणसं होती, अंगावर तांबडी धूळ, गाढ झोपलेली. आणि तुम्ही लहानशा होडीतून त्यांच्या मागे जात होता. प्रत्येक बार्जीला होडी लावायचात, वर चढायचात, एकेकाच्या खांद्याला हात लावून उठवायचात. होडीतल्याला सांगत होता, सावकाश, जोरात हाक मारू नको, दचकतील. काही उठून बसत होते, आपण कुठे आहोत ते बघत होते, कोणी तहान लागली म्हणत होतं. शेवंती आजी उठल्याउठल्या कोणावर तरी रागावली. नदी फार रुंद होती आणि अजून पुष्कळ बार्जी राहिल्या होत्या, पण तुम्हाला घाई नव्हती. तुम्ही मला सांगितलं होतं, मला स्वप्नात एवढं बरं कधी वाटलं नाही.

सुहास ऐकत होता. अंधार पडत आला होता, नदीचं पाणी दिसत नव्हतं, नुसता वास येत होता.

"होडी कोण वल्हवत होतं?" त्याने विचारलं.

तुम्ही ते सांगितलं नव्हतंत. मीही विचारलं नव्हतं. तुमचा चहा गार होत होता आणि मी तुमचा चेहरा बघत होते, तेव्हा वल्ह्याकडे कोण लक्ष देणार.

"तू," मी म्हटलं.

रडला थोडा, आवाज न करता. मी रडू दिलं. मग त्याने डोकं भिंतीला टेकलं आणि तसाच बसल्याबसल्या झोपला. मी आतून चादर आणून घातली. उठवलं नाही, जेवायलाही नाही. मला गोळी आज नको, पुढे लागली तर बघू, भिंतीकडे तोंड करून बसले तर त्यानेच द्यावी आणि त्यानेच बंद करावी.

वल्हं खरं कोणाच्या हातात होतं, ते तुम्ही एकदा येऊन सांगा. तोवर मी सांगितलं तेच खरं.